तक्त्यातले धरण आणि नदीवरचे धरण

परभणी जिल्ह्यातल्या कोणत्याही शाळेत 'आपल्या जिल्ह्यातले सर्वांत मोठे धरण कोणते?' असे विचारले, तर उत्तर एकमुखाने येते : येलदरी. नदी कोणती? पूर्णा. तालुका जिंतूर. उंची ५१.२ मीटर, लांबी ४,२३२ मीटर, एकूण साठा ९३४.४४ दशलक्ष घनमीटर, वीजनिर्मिती २२.५ मेगावॉट, काम पूर्ण झाले १९६८ साली. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत एवढ्यावर पैकीच्या पैकी गुण मिळतात.

आमची तक्रार या माहितीच्या खरेपणाबद्दल नाही. ती खरी आहे. पण एखाद्या पुस्तकाचे वजन, पृष्ठसंख्या, किंमत आणि प्रकाशनवर्ष सांगून कोणी खाली बसला, तर त्याने पुस्तक वाचले असे आपण म्हणणार नाही. धरणाचा तक्ता पाठ करणे हे तसेच आहे. म्हणून या लेखात आम्ही त्या तक्त्याचीच समीक्षा करायचे ठरवले आहे. आणि तक्ता वाचता वाचता ज्यांनी हे धरण योजले त्यांच्या योजनेचीही. एक किरकोळ वाटणारी पण वर्गात हमखास होणारी गल्लत आधीच दूर करतो. महाराष्ट्रात पूर्णा नावाच्या नद्या एकाहून अधिक आहेत. विदर्भातून वाहणारी पूर्णा तापीला मिळते. आपली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, बुलढाणा जिल्ह्यातून 'खडकपूर्णा' या नावाने वाहते आणि पूर्णा गावाजवळ गोदावरीला मिळते.

आता आकड्यांकडे. ९३४.४४ हा आकडा पाहा. दशांशचिन्हापुढे दोन अंक आहेत, म्हणजे कोणीतरी फार काळजीपूर्वक मोजले असणार असे वाटते. विद्यार्थ्यांना एक साधा भागाकार करायला सांगा. एक अब्ज घनफूट, म्हणजे ज्याला वर्तमानपत्रे टीएमसी म्हणतात, ते म्हणजे २८.३१७ दशलक्ष घनमीटर. ९३४.४४ ला २८.३१७ ने भागा. उत्तर जवळजवळ नेमके ३३ येते. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४६१.७७ मीटर दिलेली असते. तिला ०.३०४८ ने भागा : १,५१५ फूट. उंची ५१.२ मीटर म्हणजे १६८ फूट. खालच्या सिद्धेश्वर धरणाचा मृत साठा १६९.८९ दलघमी (दशलक्ष घनमीटरांचे हे रूढ लघुरूप). त्याचे टीएमसी करा, बरोबर ६ येतात.

या भागाकारांतून काय दिसते? ही धरणे फुटांत आणि घनफुटांत आखली गेली. पूर्णा प्रकल्पाचे काम १९५८ साली सुरू झाले. दशमान मापे देशात लागू होऊ लागली तीही त्याच वर्षी, टप्प्याटप्प्याने. अभियंत्यांच्या कागदांवर तेव्हा फूटच होते. ३३, ६, १,५१५, १६८ हे त्यांचे गोळाबेरीज आकडे. पुढे त्यांचे मीटरांत रूपांतर झाले आणि रूपांतरात दशांशचिन्हापुढचे अंक उगवले. ते मोजणीतून आलेले नाहीत, गुणाकारातून आलेले आहेत. सार्थ अंकांचा धडा शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण आम्हांला तरी सुचत नाही.

हाच मुद्दा आणखी एका बाजूने तपासता येतो. येलदरीचा जलाशय पूर्ण भरला की त्याचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटर होतो, म्हणजे दहा कोटी चौरस मीटर. पाणीपातळी वाचताना एका सेंटिमीटरचा फरक पडला तर साठ्यात किती फरक पडेल? दहा कोटी गुणिले ०.०१, म्हणजे दहा लाख घनमीटर, म्हणजेच एक दलघमी. वारा सुटलेल्या दिवशी जलाशयाच्या काठावर सेंटिमीटरहून मोठ्या लाटा असतात. मग ९३४.४४ मधल्या '.४४' ला अर्थ काय उरला? शिवाय साठ वर्षांत तळाशी जो गाळ बसला त्याने मूळ आकडा खालून कुरतडला आहे. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत उपग्रहाच्या चित्रांवरून जलाशयांतल्या गाळाचा अंदाज बांधतात. पाणी उतरत जाताना त्याचा पसारा चित्रांत मोजायचा आणि जुन्या नकाशातल्या त्याच पातळीच्या पसाऱ्याशी ताडून पाहायचा, अशी ती रीत आहे. तक्त्यात मात्र जन्मवेळचे वजनच छापले जात राहते.

दुसरा विषय आकाराचा. आम्ही पाहिलेल्या बहुतेक शालेय चित्रांत धरण म्हणजे डोंगराच्या दोन कड्यांमध्ये उभी केलेली काँक्रीटची भिंत असते. भाक्रा किंवा कोयना काढायचे असेल तर ते ठीक. परभणीच्या मुलाने मात्र कधी तसे धरण पाहिलेले नसते. येलदरी पाहून आलेला मुलगा प्रामाणिक असेल तर तो म्हणतो, "सर, धरण दिसलंच नाही, नुसतीच टेकडी होती." त्याचे निरीक्षण बरोबर आहे आणि चित्र अपुरे आहे. १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर असे प्रमाण घेऊन येलदरी काढून पाहा. लांबी ४२ सेंटिमीटर आणि उंची जेमतेम अर्धा सेंटिमीटर. सिद्धेश्वरची लांबी तर ६,३५३ मीटर आणि उंची ३८.२६ मीटर, ते ताव्याच्या एका कागदावर मावतसुद्धा नाही. मराठवाड्यातली नदी अरुंद घळीतून वाहत नाही, रुंद आणि उथळ खोऱ्यातून वाहते. ती अडवायची तर मैलोगणती बांध घालावा लागतो, आणि मैलोगणती बांध घालायला परवडणारी एकच वस्तू हाताशी होती : माती.

मातीचे धरण म्हणजे ढिगारा नव्हे. येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आपल्या जिल्ह्याच्या मातीची ओळख करून द्यायला ही संधी उत्तम आहे. परभणीच्या काळ्या चिकणमातीतून पाणी सहजी झिरपत नाही. तिचे कण अतिसूक्ष्म असतात आणि भिजल्यावर फुगून एकमेकांना घट्ट चिकटतात. पाणी अडवायला असा गुण हवाच. पण हीच माती वाळली की तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि चिंब भिजली की ती घसरते, हे कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुरूम नेमका उलटा : पाणी अडवत नाही, पण भार घेतो आणि जागचा हलत नाही. मातीच्या धरणाच्या रचनेत या दोघांना त्यांच्या त्यांच्या जागी बसवलेले असते. काळी माती पोटात, गाभ्याच्या रूपात, जेथे ती कायम ओलसर आणि दाबाखाली राहील. मुरमाचा भराव दोन्ही बाजूंनी, तिला सांभाळायला. गाभा जमिनीच्या वरच सुरू होत नाही. खाली खंदक खणून, झिजलेला खडक काढून, घट्ट खडकापर्यंत तो उतरवलेला असतो. पाण्याकडच्या उतारावर लाटांचा मार झेलायला दगडांची पिचिंग, आणि कोरड्या बाजूच्या पायथ्याशी वाळू-खडीची गाळणी.

ही गाळणी कशाला? कारण मातीचे प्रत्येक धरण थोडे पाझरते. पाझरण्याची भीती नसते, मातीचे कण वाहून जाण्याची असते. धरणावर देखरेख करणारा जाणकार पायथ्याच्या नालीतले पाणी किती आहे हे तर मोजतोच, पण ते स्वच्छ आहे की गढूळ हे त्याहून बारकाईने पाहतो. स्वच्छ पाझर म्हणजे गाळणी काम करते आहे. गढूळ पाझर म्हणजे धरण आतून पोखरले जात आहे.

उतारही सौम्य ठेवावे लागतात. एक मीटर उंचीला पाण्याच्या बाजूस ३ मीटर आणि कोरड्या बाजूस २ मीटर पाया असा उतार धरला, तर ५१ मीटर उंचीच्या धरणाचा पायथा २६० मीटरच्या घरात जातो. मुले विचारतात, "एवढे मोठे पाणी मागे असताना बांध सरकत कसा नाही?" पाण्याचा दाब मागच्या पाण्याच्या पसाऱ्यावर अवलंबून नसतो, खोलीवर असतो. ४५ मीटर खोलीवर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे साडेचार किलोग्रॅम भरेल. मग मागे तळे असो की समुद्र. द्रवाच्या दाबाचा हा नियम आठवीच्या वर्गात काचेच्या नळ्या दाखवून शिकवतात. येलदरीची सहल काढली तर नळ्यांची गरज नाही.

मातीच्या धरणाला एक गोष्ट मुळीच चालत नाही : माथ्यावरून पाणी जाणे. काँक्रीटच्या धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिले तर ते बहुधा टिकते. मातीचे काही तासांत कापले जाते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्यावर जो प्रसंग ओढवला तो पानशेतचा, आणि पानशेतही मातीचेच. काम पुरे होण्याआधी पाणी अडवले गेले, विमोचकाच्या नळीपाशी बांध खचला आणि पाणी वरून गेले. त्या वेळी येलदरीचा बांध उभा राहत होता, हे लक्षात घेतले तर सांडव्याला किती महत्त्व असते ते कळते. सांडवा हा मातीच्या धरणाचा दगडी भाग. येलदरीला त्यावर १० दरवाजे आहेत, सिद्धेश्वरला १४. पावसाळ्यात दरवाजे उघडल्याचे फोटो छापून येतात आणि लोक गर्दी करतात. ते दृश्य देखणे असते खरे, पण त्या दिवशी दरवाज्यांतून जाणारे पाणी ना विजेला लागते ना शेताला. बांध वाचवण्यासाठी ते सोडून द्यावे लागते.

आतापर्यंत सिद्धेश्वरचे नाव दोनतीनदा आले. सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत ते वेगळ्या ओळीवर असते. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाल्यापासून तर ते वेगळ्या पानावर गेले आहे : येलदरी परभणीच्या पानावर, सिद्धेश्वर हिंगोलीच्या. तक्त्यावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे. ही दोन धरणे नाहीतच. एका यंत्राचे हे दोन भाग आहेत, आणि वेगवेगळे वाचले तर दोन्ही समजत नाहीत.

येलदरीहून सिंचनाचा मुख्य कालवा निघत नाही. तिथले पाणी वीजगृहातून खाली पडते, पुन्हा नदीत येते आणि नदीच्या पात्रातून सिद्धेश्वरच्या जलाशयात जाते. कालवा निघतो तो सिद्धेश्वरहून. मग सिद्धेश्वरचे आकडे पाहा : एकूण साठा २५०.८५ दलघमी, जिवंत साठा फक्त ८०.९६. बाकीचे १६९.८९, म्हणजे दोन तृतीयांशाहून जास्त पाणी 'मृत'. असे धरण कोणी का बांधावे? आम्ही हा प्रश्न काही शिक्षकांना विचारला तेव्हा "गाळासाठी" असे उत्तर आले. ते थोडेच खरे आहे. खरे कारण भूमितीचे आहे. कालव्यातले पाणी पंपाने चढवायचे नसते, ते उताराने वाहायचे असते. वसमतच्या बाजूची शेते ज्या उंचीवर आहेत त्यांच्यापर्यंत उताराने जायचे, तर कालव्याचे तोंड त्याहून बरेच वर हवे. कालव्याच्या तोंडाचा उंबरठा जेवढा वर, तेवढे त्याच्या खालचे पाणी कालव्याला न मिळणारे. ज्याला आपण मृत साठा म्हणतो ते येथे जिवंत पाण्याच्या पायाखालचे स्टूल आहे. स्टूल काही फळीवरचा डबा काढत नाही. पण ते नसेल तर हात पोहोचत नाही. 'मृत' हा शब्द आम्हांला म्हणूनच खटकतो. विद्यार्थी त्याचा अर्थ 'वाया गेलेले' असा घेतात.

म्हणजे कामाची वाटणी अशी : साठवायचे येलदरीने, उचलून धरायचे सिद्धेश्वरने. सिद्धेश्वर तिसरेही एक काम करते, आणि ते समजायला थोडा हिशोब करावा लागेल. वीजगृहात ७.५ मेगावॉटचे तीन संच आहेत. पाणी पडण्याची उंची आपण हिशोबापुरती ३० मीटर धरू. एक दलघमी पाणी म्हणजे शंभर कोटी किलोग्रॅम. ते ३० मीटर खाली पडले की वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले ३० इतकी ऊर्जा मिळते. तिचे युनिट केले तर सुमारे ८२ हजार, आणि संचांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर सुमारे ६९ हजार युनिट. तिन्ही संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर ५ लाख ४० हजार युनिट वीज होईल, आणि त्यासाठी पावणेआठ दलघमी पाणी खाली जाईल. आता ८०.९६ ला पावणेआठने भागा. सिद्धेश्वरचा सगळा जिवंत साठा साडेदहा दिवसांत भरेल.

विजेला पाणी हवे असते ते मागणीप्रमाणे, संध्याकाळी जास्त आणि मध्यरात्री कमी. गव्हाला आणि हरभऱ्याला पाणी लागते ते पाळीप्रमाणे, आणि कालवा एकदा सुरू केला की रात्रंदिवस सारखा वाहावा लागतो. दोघांची वेळापत्रके जुळणे शक्य नाही. मधे दहा दिवसांची ही टाकी असल्यामुळे ती जुळवण्याची गरजच राहत नाही. घराच्या गच्चीवर टाकी असते तशी ही टाकी : नळाला पाणी केव्हाही येवो, स्वयंपाकघरात ते हवे तेव्हा मिळते. पूर्णा प्रकल्प योजणाऱ्यांची ही सूझ आम्हांला मनापासून दाद देण्याजोगी वाटते. 'बहुउद्देशीय' हा शब्द पुस्तकात ठोकळ्यासारखा येतो. दोन उद्देश एकमेकांच्या पायात येऊ नयेत म्हणून काय करावे लागते, ते येथे उघड्या डोळ्यांनी दिसते. २२.५ मेगावॉट ही वीज तशी थोडीच. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. पण नाहीतरी खाली सोडायच्याच पाण्याकडून वाटेत करून घेतलेले हे काम आहे.

आता रोजच्या पेपरातल्या टक्क्यांकडे वळू. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत एक चौकट छापून येते : येलदरी इतके टक्के, सिद्धेश्वर इतके टक्के, निम्न दुधना इतके टक्के, जायकवाडी इतके टक्के. हे टक्के जिवंत साठ्याचे असतात. येलदरीचा जिवंत साठा ८०९.७७ दलघमी आहे. म्हणजे येलदरीचे १० टक्के आणि सिद्धेश्वरचे १०० टक्के ही जवळजवळ एकच पाण्याची रक्कम. 'सिद्धेश्वर शंभर टक्के भरले' ही बातमी वाचून ज्याने उसाची लागण केली, त्याने येलदरीचा आकडा पाहिला नसेल तर तो फसला. याउलट येलदरी शून्य टक्क्यावर आले तरी तिथे जवळपास १२५ दलघमी पाणी असते. जायकवाडी शून्यावर असताना तर सुमारे ७३८ दलघमी असते, म्हणजे येलदरी काठोकाठ भरल्यावर होते त्याच्या पाऊणपटीहून जास्त. सेलूजवळच्या निम्न दुधनेचा एकूण साठा ३४४.८० आणि जिवंत २४२.२०. प्रत्येक धरणाचा शून्य वेगळ्या उंचीवर आणि शंभर वेगळ्या मापाचा. असे टक्के एकाखाली एक छापणे म्हणजे वेगवेगळ्या एकूण गुणांच्या परीक्षांचे टक्के एकत्र करून सरासरी काढण्यासारखे आहे, आणि कोणताही शिक्षक हे करणार नाही.

पातळीचेही तसेच. जलाशय हा सरळ कडांचा हौद नाही, पसरट वाटीसारखा आहे. तो शंकूसारखा मानला, तर निम्म्या खोलीवर साठा निम्मा राहत नाही, आठवा हिस्सा राहतो. म्हणून पावसाळ्याच्या आरंभी पातळी झरझर चढते आणि लोक सुखावतात, पण टक्के हलत नाहीत; शेवटच्या दोनतीन मीटरांत खरे पाणी असते. पुन्हा आकडे पाहा : ९३४ दलघमी पाणी, १०० चौरस किलोमीटर पसारा. सरासरी खोली नऊ मीटरच्या आसपास. ५१ मीटर उंचीच्या धरणामागे सरासरी नऊ मीटर पाणी!

इतक्या पसरट पाण्यावर आपला सूर्य काय करतो याचा हिशोब मात्र कोणी वर्गात घालत नाही. मे महिन्यात जलाशय आटून निम्म्या पसाऱ्यावर, म्हणजे ५० चौरस किलोमीटरवर आला आहे असे समजू. रोज ८ मिलिमीटर पाणी उडते असे धरू. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे अवास्तव नाही. गुणाकार केला तर रोज ०.४ दलघमी, म्हणजे ४० कोटी लिटर. परभणी शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन लाखांच्या थोडी वर होती. माणशी १३५ लिटरप्रमाणे शहराची रोजची गरज ४ कोटी लिटरच्या आसपास. म्हणजे उन्हाळ्यात एकटा सूर्य दहा परभण्यांचे पाणी रोज पितो. अनेक वर्षे परभणीला पाणी मिळायचे ते धरणातून नदीत सोडून, राहाटीच्या बंधाऱ्यात अडवून. कोरड्या वाळूतून जाताना त्यातले किती पोहोचत असेल याचा विचार करावा. बंद नळातून पाणी आणण्याचे महत्त्व यावरून समजते.

रचनेचे गुण सांगितले, तसे तिचे उणेही सांगितले पाहिजे. आमच्या मते या रचनेत एक गृहीत दडले आहे : वरची नदी आहे तशीच राहील आणि खालचे पीक आहे तसेच राहील. दोन्ही राहिले नाही. सिंचन प्रकल्प आपल्याकडे ७५ टक्के विश्वासार्हतेवर आखतात. म्हणजे चारांतल्या तीन वर्षी हिशोबात धरलेले पाणी नदीला यावे. हा अंदाज भूतकाळातल्या प्रवाहावरून बांधतात. पण धरणाच्या वरच्या पाणलोटात पुढे तलाव, बंधारे आणि शेततळी झाली, आणि बुलढाणा जिल्ह्यात देऊळगाव महीजवळ खडकपूर्णा धरण, म्हणजे संत चोखासागर, उभे राहिले. त्याचा जिवंत साठा सुमारे ९३ दलघमी, सिद्धेश्वरच्या जिवंत साठ्याहून जास्त. चांगल्या वर्षी ते भरून ओसंडते आणि खाली येलदरी भरते. वाईट वर्षी आधी ते भरते, आणि येलदरीच्या वाट्याला उरलेसुरले येते. वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवू नये असे आम्ही म्हणत नाही; त्याचीही जमीन कोरडीच आहे. पण येलदरीच्या तक्त्यात ३३ टीएमसी छापताना त्या नदीवर आता कितीजण उभे आहेत ते कुठेच छापलेले नसते. २०१९ च्या आधी कित्येक वर्षे येलदरी पूर्ण भरले नव्हते; त्या वर्षी परतीच्या पावसाने ते भरले. त्या कोरड्या वर्षांत बंद राहिलेली पाणीपाळी केवळ पावसाने बंद राहिली की वरच्या वाढलेल्या वापरानेही, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे आणि म्हणूनच विद्यार्थ्यांनी त्यावर विचार करण्यासारखे आहे. गोदावरीवर जायकवाडीच्या बाबतीत नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या वरच्या धरणांशी हाच वाद न्यायालयापर्यंत गेला. पूर्णेवर तो तितका गाजला नाही, एवढाच फरक.

खालच्या बाजूचे गणित तर शाळकरी मूलही करील. शेताला एक पाळी म्हणजे साधारण ७५ मिलिमीटर पाणी, हेक्टरी ७५० घनमीटर. रब्बीच्या पिकाला चार पाळ्या दिल्या तर ३,००० घनमीटर. उसाला वर्षभरात दोन मीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी २०,००० घनमीटर. एक हेक्टर ऊस म्हणजे जवळजवळ सात हेक्टर गहू. कालव्याच्या तोंडाशी उसाचे क्षेत्र जसे वाढते, तसे शेपटाकडचे, ज्यांना सगळे 'टेलचे शेतकरी' म्हणतात त्यांचे, पाणी आपोआप कमी होते. कोणी दरवाजा बंद करावा लागत नाही. वसमतच्या बाजूला ऊस का वाढला याची कारणे बाजारात आहेत, आणि ऊस लावणाऱ्याला दोष देऊन ती नाहीशी होणार नाहीत. मात्र ज्या कालव्याची मापे एका पीकपद्धतीवर बेतली, त्यात दुसरी पीकपद्धती ओतली की कालवा नापास झाला म्हणणे हा अन्याय आहे.

तक्त्यात आणखी एक रकाना कधीच नसतो : बुडीत क्षेत्राचा. शंभर चौरस किलोमीटर म्हणजे दहा हजार हेक्टर. पूर्णाकाठची ही जमीन ओसाड नव्हती. नदीकाठची जमीन कधीच ओसाड नसते. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळावर आजही लोक गाळपेर करतात. काहींच्या बाबतीत ती पूर्वजांच्याच शेतात, काही महिन्यांपुरती, पाणी परत येईपर्यंत केलेली पेरणी असते.

सहावी ते दहावीच्या वर्गांना आम्ही सुचवतो ते काम साधे आहे. वर्गाच्या भिंतीवर येलदरी आणि सिद्धेश्वर यांचा एकच तक्ता लावा, जिल्ह्याची रेघ मधे न ओढता. त्यात टक्के लिहू नका. चार रकाने करा : आज किती दलघमी पाणी आहे, त्यातले कालव्याच्या उंबरठ्याच्या वर किती, गेल्या आठवड्यात किती घटले, आणि त्या घटीपैकी सोडलेले किती. शेवटचे दोन आकडे कधीच जुळणार नाहीत. न जुळणारी रक्कम उन्हात, पाझरात आणि नोंद नसलेल्या मोटारींत वाटली गेलेली असते. तिची वाटणी कशी करायची यावर वर्गात भांडण झाले तर होऊ द्यावे.